मस्कतला येण्याआधी साहेब समजून घ्या

तुम्ही विचारलंय की पुण्यात मल्टिनॅशनलमध्ये आठ वर्षं काढल्यावर मस्कतला एका ओमानी कुटुंबाच्या कंपनीत प्रोजेक्ट इंजिनिअर म्हणून यायचं, तर तिथला साहेब कसा असतो आणि हाताखालची माणसं कशी सांभाळायची. मी मूळचा चिपळूणचा. अशाच एका कंपनीत खरेदी विभागात मला सोळा वर्षं झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पुण्यात साहेब बदलला तरी कंपनीची पद्धत बदलत नाही. इथे साहेब हीच पद्धत. तो मनापासून काय मानतो, म्हणजे नमाज, आईवडील, दारी आलेला पाहुणा, दिलेला शब्द, घराण्याची इज्जत, त्यावरून ऑफिस चालतं. नियमांची फाइल असते, पण ती नंतर उघडली जाते.

माझ्या तिसऱ्या महिन्यातली गोष्ट. मीटिंगमध्ये आठ-दहा जणांसमोर मी कागद दाखवून म्हणालो की स्टोअरकीपरने मोजलेला केबलचा साठा चुकलाय. आकडे माझेच बरोबर होते. मुदीर, म्हणजे आमचे मॅनेजर, काहीच बोलले नाहीत. त्यानंतर आठवडाभर माझी एकही मागणी स्टोअरमधून वेळेवर आली नाही. मग मुदीरांनी मला आत बोलावलं, दार लावलं, स्वतःच्या हाताने दल्ल्यातून, म्हणजे अरबी कॉफीच्या सुरईतून, कहवा ओतला, खजूर पुढे केला आणि म्हणाले, "माणसाची चूक दिसली तर आधी दार लावायचं, मग बोलायचं." दुसऱ्याचं उणं झाकणं याला ते 'सत्र' म्हणतात, आणि ते धर्माचरणाचाच भाग मानतात. मी त्या स्टोअरकीपरच्या टेबलाशी जाऊन माफी मागितली. आजही कुणाला चूक सांगायची असली की मी आधी उठून दार लावतो. तुमच्या टीममध्ये ओमानी मुलं असतील, त्यांच्याबाबतीत एवढं जरी पाळलंत तरी निम्मं काम सोपं होईल.

दुसरी गोष्ट मजलिसची. मजलिस म्हणजे बसून बोलायची जागा. ओमान, सौदी, अमिराती आणि कतार यांच्या या परंपरेची युनेस्कोने 2015 साली वारसा म्हणून नोंद केली. साहेबाची केबिनही तशीच चालते. तुमचं बोलणं चालू असताना आणखी तिघं आत येतील, सलाम होईल, घरच्यांची खुशाली विचारली जाईल, फोन घेतला जाईल. यात तुमचा अपमान नसतो. दार सगळ्यांना उघडं असणं हाच तिथे मोठेपणा. सल्लामसलतीला शूरा म्हणतात आणि चांगला साहेब खरंच सगळ्यांना विचारतो. पण मत विचारलं म्हणजे मतदान घेतलं असं धरू नका. ठरवणार तेच, आणि एकदा ठरलं की चारचौघांत फाटे फोडायचे नाहीत.

माझे वडील गेले तेव्हा रात्री साडेअकराला हेच मुदीर माझ्या खोलीवर आले. जमिनीवर माझ्याशेजारी बसून राहिले. सकाळच्या विमानाचं तिकीट त्यांनी स्वतः काढून आणलं होतं. रजेचा अर्ज मी परत आल्यावर भरला.

त्याच माणसाने दोन वर्षांनी माझ्या डोक्यावर आपला पुतण्या आणून बसवला. त्याला या कामाचा अनुभव नव्हता आणि बढती माझी ठरल्यासारखी होती. याला वास्ता म्हणतात, आणि तो माझ्यावर अन्याय होता, हे मी आजही स्पष्ट म्हणतो. पण तिकीट आणि पुतण्या या दोन्हींमागे एकच भावना होती: आपल्या माणसाला टाकायचं नाही. त्यांच्यासाठी मीही आपला होतो, फक्त पुतण्या जास्त जवळचा. हे आधी कळलं असतं तर मी बढतीच्या भरवशावर चिपळूणला फ्लॅटचं कर्ज काढलं नसतं.

रमजानमध्ये मुस्लिम कर्मचाऱ्यांना कायद्याने दिवसाला सहा तास काम असतं. अवघड मीटिंग दुपारी ठेवू नका, आणि रोजा असलेल्यांसमोर पाणीही पिऊ नका. सुट्टी शुक्रवार-शनिवार. कहवा नको असेल तर रिकामा कप उजव्या हाताने हलवून परत द्यायचा, नाहीतर ते ओतत राहतात.

एक लक्षात ठेवा, हे सगळं ओमानी साहेबांबद्दल आहे. मधला मॅनेजर इजिप्तचा किंवा लेबनॉनचा असला तर त्याची तऱ्हा वेगळी. म्हणून मुलाखतीत विचाराच की रोजचं रिपोर्टिंग कुणाला. आणि जमलं तर त्याच्या हाताखाली काम केलेल्या एखाद्या मल्याळी किंवा मराठी माणसाला गाठा; साहेब रागावला की कसा वागतो, हे तोच सांगेल.

शब्दाला इथे किंमत आहे, पण शब्द त्या माणसाचा असतो, त्याच्यानंतर खुर्चीत बसणाऱ्याचा नसतो. त्यामुळे पगार, घरभाडं, वर्षाचं तिकीट सगळं करारात लिहून घ्या. बेसिक किती ते खास बघा, कारण ग्रॅच्युइटी बेसिकवरच मिळते. 2023 च्या कामगार कायद्याप्रमाणे दर वर्षामागे किमान एका महिन्याचा बेसिक. पासपोर्ट स्वतःजवळ ठेवा. ऑफर लेटर हातात पडलं की सही करण्याआधी मला पाठवा, मी ओळ न् ओळ वाचून देतो.