कॅराव्हॅन घेऊन वॉल्हालाला: मुक्काम वर, भटकंती दरीत

मेलबर्नहून भाड्याची कॅराव्हॅन (मोटारीमागे जोडून ओढायचे चाकांवरचे घर) घेऊन, पुण्याहून आलेल्या आईवडिलांना सोन्याच्या खाणींचे जुने गाव दाखवायचे आहे आणि सॉव्हरिन हिल या बॅलरॅटच्या संग्रहालय-गावातील गर्दीऐवजी वॉल्हालाचा विचार चालू आहे, असे आपण लिहिले आहे. अवश्य जावे, मात्र कॅराव्हॅन गावात नेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

वॉल्हाला अरुंद घळीत वसलेले आहे. स्ट्रिंगर्स क्रीक, तिच्या काठाने एक चिंचोळा रस्ता आणि दोन्ही बाजूंना उभे डोंगर, एवढाच त्याचा विस्तार. सपाट जागा इतकी कमी, की अग्निशमन केंद्र चक्क ओढ्यावर बांधावे लागले. अशा ठिकाणी लांब कॅराव्हॅन वळवताना नवख्याची फजिती ठरलेली. त्यापेक्षा रॉसन किंवा एरिका या वरच्या जवळच्या गावांत ती उभी करून मुक्काम करावा आणि खाली फक्त मोटारीने उतरावे. वाटेतले मो हे शहर सोडल्यावरचा रस्ताही वळणावळणाचा असून त्यावर लाकडाचे ट्रक येतात, तेव्हा मागे रांग लागल्यास जागा पाहून बाजूला थांबावे. जड सामान चाकांच्या आसाजवळ ठेवावे आणि कॅराव्हॅनच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार मोटारीशी असलेल्या जोडणीवर येईल असे पाहावे. चालत्या कॅराव्हॅनमध्ये आईवडिलांना ‘जरा पडू द्या’ म्हणून बसवणे बेकायदा आहे.

गावात सर्वाधिक वेळ लाँग टनेल एक्स्टेंडेड या खाणीला द्यावा. १८६३ च्या सुमारास येथे सोने सापडले, परंतु त्याचा मोठा साठा कोहेन्स रीफ या गारगोटीच्या शिरेत, खडकाच्या पोटात होता. त्यामुळे तो काढायला एकट्यादुकट्याचे वाळू धुण्याचे घमेले पुरेसे नव्हते, तर वाफेची यंत्रे आणि कंपन्यांचे भांडवल लागले. मार्गदर्शकासोबत आडव्या बोगद्याने आत गेल्यावर, अखंड खडक कोरून यंत्रांसाठी केलेले प्रचंड दालन लागते, आणि तेथून उभी विहीर नऊशे मीटरांहून अधिक खोल गेली होती, हे ऐकताना नजर आपोआप पायाखाली जाते. या यंत्रांच्या बॉयलरांना लागणाऱ्या सरपणाने भोवतालचे डोंगर बोडके केले. आज दिसणारे दाट जंगल नंतर वाढलेले आहे.

रेल्वेची कथा चटका लावणारी आहे. ती १९१० मध्ये गावात पोहोचली आणि चारच वर्षांत मोठ्या खाणी बंद झाल्या. पुढे गावातली घरे मोडून त्याच रेल्वेने बाहेर नेली गेली. आजची गाडी पुन्हा उभारलेल्या मार्गावर थॉमसन स्थानकापर्यंत जाते. ग्रिडची वीज तर येथे १९९८ मध्ये आली. आपल्याकडे कोलारच्या खाणींना ती १९०२ मध्येच शिवनसमुद्रहून मिळाली होती!

उतारावरचे स्मशान पाहण्याजोगे असले तरी गुडघे दुखत असतील तर खालूनच पाहावे. डोंगरमाथा सपाट करून बनवलेल्या क्रिकेटच्या मैदानापर्यंतची चढण आपण मात्र चुकवू नये.

रेल्वेगाडी रोज धावत नाही, म्हणून तिचे व खाणीच्या फेरीचे वेळापत्रक पाहूनच दिवस ठरवावा. पेट्रोल आणि किराणा मोमध्येच भरून घ्यावा, आणि वॉम्बॅट व वॉलबी हे जंगली प्राणी रस्त्यावर येतात म्हणून अंधार पडण्यापूर्वी रॉसनला परतावे.