चिकित्सक, डॉक्टरीण की नुसतं डॉक्टर?

एका वाचक भगिनीने विचारलं आहे: 'अमेरिकेतल्या ब्लॅक वुमन फिजिशियन्सच्या अनुभवांवरचा लेख मराठीत आणतेय. शीर्षक "कृष्णवर्णीय महिला चिकित्सक" असं केलंय, पण कानाला खटकतं. "डॉक्टरीण" चालेल का? आणि विमानातल्या प्रसंगात त्या डॉक्टरला "स्वीटी" म्हटलंय, त्याचं काय करू?'

खटकतंय ते योग्यच आहे. हिंदीत चिकित्सक म्हणजे डॉक्टर. मराठीत चिकित्सक म्हणजे प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघणारा. 'फार चिकित्सक बाई आहे हो' हे आपण कौतुकानेही म्हणतो आणि वैतागूनही, पण तिला नाडी दाखवायला कुणी जात नाही. 'जिल्हा शल्यचिकित्सक' आहेत खरे, पण ते सरकारी पाटीवर. बोलताना त्यांनाही लोक सिव्हिल सर्जनच म्हणतात.

'फिजिशियन' तसंच ठेवलं तर दुसरा घोळ. आपल्याकडे फिजिशियन म्हणजे एम. डी. मेडिसिन, ज्यांच्याकडे बीपी-शुगरसाठी जायचं. अमेरिकेत सर्जन, बालरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ सगळेच फिजिशियन. तेव्हा 'डॉक्टर' लिहा आणि मोकळ्या व्हा.

'डॉक्टरीण' मात्र नको. आपला हा 'ईण' प्रत्यय फसवा आहे. पाटलीण ही पाटलाची बायको, कुळकर्णीण ही कुळकर्ण्याची. मास्तरीण पुढे स्वतः शिकवू लागली, पण 'डॉक्टरीणबाई' म्हटलं की अजूनही काही घरांत डॉक्टरांची मंडळी डोळ्यांपुढे येतात. तुमच्या लेखात मात्र एका जागी हा शब्द चपखल बसेल. १८६४ साली रिबेका ली, दुसऱ्या लग्नानंतरच्या क्रम्पलर, बॉस्टनच्या न्यू इंग्लंड फीमेल मेडिकल कॉलेजातून बाहेर पडल्या. वैद्यकीची पदवी घेणारी अमेरिकेतली पहिली ब्लॅक स्त्री. त्यांना मिळालेल्या पदवीचं नावच मुळी 'डॉक्ट्रेस ऑफ मेडिसिन' होतं! म्हणजे शब्दशः डॉक्टरीण. यादवी युद्धानंतर त्या रिचमंडला नुकत्याच गुलामीतून सुटलेल्यांवर उपचार करायला गेल्या. तिथले औषधवाले म्हणे त्यांची चिठ्ठी घेऊन औषध द्यायला कां-कूं करत, आणि त्यांच्या नावापुढच्या एम. डी.चा अर्थ 'म्यूल ड्रायव्हर', म्हणजे खेचरं हाकणारी, असा लावत. १८८३ साली त्यांनी वैद्यकीवर पुस्तक लिहिलं. त्याच्या शीर्षकपानावर नाव आहे रिबेका क्रम्पलर, एम. डी. डॉक्ट्रेस नव्हे. ज्या दोन अक्षरांची टिंगल होत होती तीच त्यांनी छापली. (त्यांच्या थडग्यावर दगड मात्र २०२० साली बसला.)

आणखी एक दुवा तुमच्या उपयोगी पडेल. फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज आपल्याला माहीत आहे ते आनंदीबाई जोश्यांमुळे. त्या १८८६ साली तिथून डॉक्टर झाल्या. पण १८६७ सालीच रिबेका कोल या ब्लॅक विद्यार्थिनीने तिथून पदवी घेतली होती, आणि आनंदीबाईंनंतर दोनच वर्षांनी व्हेरिना मॉर्टन याही. मराठी वाचकाला त्या कॉलेजाच्या दारातून आत नेलंत तर पुढचा रस्ता त्याला परका वाटणार नाही.

आता 'कृष्णवर्णीय'. वर्तमानपत्री सभ्यतेचा शब्द आहे, चूक नाही. पण तो कातडीशीच थांबतो. 'ब्लॅक' हे एका समाजाने लढून स्वतःला घेतलेलं नाव आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर या ब्लॅक लोकांच्या संघटनेवरून नाव घेऊन, तेव्हा हा फरक मराठी माणसाला समजावून सांगायला नको. जुन्या मराठी पुस्तकांतला 'निग्रो' आज शिवीसारखा लागतो. 'हबशी' म्हटलं की जंजिरा आठवतो, तो इतिहास निराळा. 'आफ्रिकन-अमेरिकन' बरा, पण हैती किंवा नायजेरियाहून आलेल्या सगळ्याच डॉक्टर स्वतःला तसं म्हणवत नाहीत. आणि 'काळी' लिहिलं की आपल्या स्थळांच्या जाहिराती मधे येतात! २०२० साली तिकडच्या मोठ्या वृत्तसंस्थांनी 'ब्लॅक'चा बी मोठ्या लिपीत लिहायचं ठरवलं. देवनागरीत मोठी-धाकटी लिपी नाही. ते काम इथे उसना शब्दच करेल. 'ब्लॅक'ने तिकीट घेतल्याची आठवण कुणाला आलीच तर येवो.

'महिला' शीर्षकात हवंच. वैद्यकीय शाळांची झाडाझडती घेणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर ब्लॅक विद्यार्थ्यांच्या सातपैकी पाच वैद्यकीय शाळा बंद पडल्या, हॉवर्ड आणि मेहारी तेवढ्या उरल्या. आजही अमेरिकेतल्या डॉक्टरांत ब्लॅक स्त्रिया तीन टक्क्यांहून कमी आहेत. विषयच तो आहे. पण आत मजकुरात दर वेळी 'ब्लॅक महिला डॉक्टर' लिहू नका. 'डॉक्टर आल्या' म्हटलं की बाई आहेत हे आपलं क्रियापद सांगतं. या डॉक्टरांची निम्मी तक्रार हीच आहे की विशेषणं आधी दिसतात आणि नाम दिसतच नाही. वॉर्डात शिरल्या की नर्स समजतात, जेवणाचं ताट उचलायला आल्यात असं समजतात.

विमानाचा प्रसंग २०१६ चा, डॉ. टमीका क्रॉस यांनी स्वतः फेसबुकवर लिहिलेला. डेट्रॉइटहून निघालेल्या विमानात एक प्रवासी बेशुद्ध झाला, यांनी हात वर केला, तर हवाई सेविका म्हणाली की हात खाली घे, आम्हाला खरे डॉक्टर हवेत. तिथलं 'स्वीटी' म्हणजे 'गोडुली' नव्हे आणि 'लाडके' तर नव्हेच. त्यात लाड नाही, उडवून लावणं आहे. मी 'अगं बाळ' करेन. 'खरेखुरे' नको, 'खरे'च ठेवा. आखूड आहे, म्हणून जास्त लागतो.

आणि इंग्रजीला जे जमत नाही ते तुम्हाला इथे जमेल. 'यू'मध्ये तू आणि तुम्ही दोन्ही बुडून गेलेत, मराठीत निवड करावीच लागते. सेविकेच्या तोंडी 'तू' घाला, डॉक्टरांच्या तोंडी 'तुम्ही'. त्याच वृत्तांतात पुढे ती सेविका येऊन माफी मागते, वर विमानप्रवासाचे पॉइंट देऊ करते, आणि डॉक्टर ते नाकारतात. तिथे पहिल्यांदा तिच्या तोंडी 'तुम्ही' येऊ द्या.