सी६३ चा एक्झॉस्ट: मागच्या टोकापासून सुरुवात करा, कॅटपाशी थांबा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. २०१२ ची मर्सिडीज सी६३ एएमजी कूपे, इंजिनाला हात लावलेला नाही, एक्झॉस्टही मूळचाच. गॅरेजवाल्याचं म्हणणं असं की रेझोनेटर (मधला, ठरावीक सूर दाबणारा डबा), मफलर (मागचा, आवाज कमी करणारा डबा) आणि दोन्ही बाजूंचे कॅट (धुरातले विषारी वायू कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून सरळ पाइप टाकू. आवाज मोकळा होईल आणि चाळीसेक हॉर्सपॉवरही मिळतील. करू का, असं तुम्ही विचारताय.

हे करू नका. एक्झॉस्ट बदलूच नका, असं मात्र मी म्हणणार नाही. याच इंजिनाची गाडी मी बरीच वर्षं चालवतोय आणि तिचा एक्झॉस्ट आजवर तीनदा बदललाय. पहिल्या वेळी कॅट सोडून बाकी सगळं तुम्हाला सुचवलंय तसंच केलं होतं. त्यामुळे पुढे काय होतं ते मला माहीत आहे.

आधी इंजिनाबद्दल थोडं, कारण आवाज तिथूनच येतो. तुमच्या गाडीत एम१५६ आहे: ६,२०८ सीसीचा व्ही८, टर्बो नाही, ६,८०० आरपीएमला ४५७ पीएस आणि ५,००० ला ६०० न्यूटन-मीटर. (इंजिन ६.२ लिटरचं असूनही गाडीवर ६.३ लिहिलंय, ते १९६८ च्या ३०० एसईएल ६.३ ची आठवण म्हणून. मला ही गोष्ट फार आवडते.) क्रँक क्रॉसप्लेन आहे (म्हणजे त्याचे हात ९० अंशांच्या अंतराने आहेत) आणि फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-४-२-६-३-७-८. उजव्या बँकेत (सिलिंडरांच्या उजव्या रांगेत) १ ते ४ आणि डाव्या बँकेत ५ ते ८ हे सिलिंडर येतात, हे लक्षात ठेवून ती ऑर्डर पुन्हा वाचा. ४ आणि २ लागोपाठ पेटतात, दोघेही उजवीकडचे. ७ आणि ८ लागोपाठ, दोघेही डावीकडचे. एकूण इंजिन दर ९० अंशाला पेटत असलं, तरी एकाच बँकेचा पाइप कानाला लावला तर ठोक्यांमधलं अंतर ९०, १८०, २७०, १८० असं उलटसुलट येतं. तो खोल, लडखडता गुरगुराट या विषमतेतून जन्मतो. या गाडीचा आवाज मुळातच सुंदर आहे. आपल्याला तो नव्याने तयार करायचा नाही, त्यावरचं पांघरूण थोडं बाजूला करायचंय.

आता माझी पहिली चूक. रेझोनेटर आणि मागचे मफलर काढून दोन सरळ पाइप बसवले. पहिले दोन दिवस स्वर्ग. तिसऱ्या दिवशी लांबच्या प्रवासाला निघालो आणि वरच्या गिअरमध्ये १,८०० च्या आसपास आरपीएम स्थिर झाल्यावर केबिन ढोलासारखी घुमायला लागली. हा आवाज मोठा वाटत नाही, तो कानावर दाबासारखा येतो. तासाभरात बायकोचं डोकं दुखायला लागलं, मागे बसलेली मुलगी कान झाकून बसली. घरच्यांना त्या गाडीत बसावंसं वाटेना, तेव्हा मी पाइप उतरवले.

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे कोणी 'ड्रोन (असं घुमणं) होणार नाही' असं छातीठोकपणे सांगितलं तर त्याला प्रश्न विचारता येतील. आठ सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन एका फेरीत चार वेळा पेटतं. १,८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ३० फेऱ्या, म्हणजे १२० हर्ट्झचा मुख्य सूर. बँकेतल्या विषम ठोक्यांमुळे त्याच्याखालचेही सूर सोबत असतात. केबिनच्या पोकळीचा स्वतःचा सूर यांपैकी एखाद्याशी जुळला की घुमणं सुरू. सरळ आरपार जाणारा मफलर, ज्यात जाळीदार नळीभोवती काचेची लोकर भरलेली असते, वरच्या पट्टीचा कर्कशपणा छान शोषतो, पण इतक्या खालच्या सुरापुढे त्याचं फारसं चालत नाही. तिथे कप्प्यांचा मफलर, रेझोनेटर किंवा जे-पाइप लागतो. ती लोकरही काही वर्षांत जळत-उडत जाते आणि आवाज हळूहळू वाढतो, हेही विकत घेताना कोणी सांगत नाही.

जे-पाइप म्हणजे मुख्य पाइपाला काढलेली, शेवटी बंद केलेली फांदी. तिची लांबी त्रासदायक सुराच्या तरंगलांबीच्या पाव भागाएवढी ठेवली की आत गेलेली लाट उलटी होऊन परत येते आणि मूळ लाटेला मारते. ३०० अंश सेल्सिअसच्या गॅसमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ४८० मीटर असतो. १२० हर्ट्झला तरंगलांबी ४ मीटर, म्हणजे फांदी १ मीटरची. बंद फांदीत गॅस थंड असतो, त्यामुळे प्रत्यक्षात ती थोडी आखूड लागते. पण तुमच्या गाडीत घुमणारा सूर ६० हर्ट्झचा निघाला, तर हीच फांदी २ मीटरची होईल आणि गाडीखाली तेवढी जागा मिळणार नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की मधला रेझोनेटर काढूच नये. सर्वांत आधी लोक तोच काढतात, कारण ते स्वस्त पडतं. मी दुसऱ्या वेळी तो परत बसवला, मागे कमी अडवणारे मफलर लावले आणि ऐंशी टक्के त्रास तिथेच संपला.

तिसऱ्या वेळी दोन्ही बँकांचे पाइप एकमेकांना कुठे आणि कसे जोडायचे, यावर काम केलं. एच-पाइपने (दोन पाइपांना जोडणारी एक आडवी नळी) मूळचा लडखडता गुरगुराट बराचसा टिकतो. एक्स-पाइपमध्ये (दोन्ही पाइप एका ठिकाणी फुलीसारखे जोडलेले) दोन्ही बाजूंचे ठोके एकमेकांत मिसळतात, आवाज सलग आणि वरच्या पट्टीचा होतो. चूक कोणतंच नाही. मला वेगवान, ताणलेला आवाज हवा होता म्हणून मी एक्स घेतला, पण आयडलवरची (गाडी उभी, इंजिन चालू असतानाची) थोडी गुरगुर त्यात गेली आणि तिची मला आजही कधीकधी आठवण येते. निवडण्याआधी दोन्ही प्रकारच्या गाड्यांजवळ थंड इंजिन सुरू होताना प्रत्यक्ष उभे राहा. फोनचा माइक खालचे सूर नीट पकडत नाही, व्हिडिओवर विसंबू नका.

आता ताकद. चाळीस हॉर्सपॉवरचा आकडा आला कुठून, असं त्या गॅरेजवाल्याला विचारा. टर्बो नसलेल्या इंजिनात मागच्या मफलरपाशी अडथळा फार थोडा उरलेला असतो, म्हणून तिथल्या बदलातून मिळणारा फायदा पेडलखाली जाणवण्याइतका नसतो. आवाज वाढला की गाडी जोरात पळतेय असं वाटतं, एवढंच. खात्री करायची तर कॅटच्या आधीच्या ऑक्सिजन सेन्सरच्या जागी तात्पुरती धातूची नळी आणि दाबमापक लावून पूर्ण थ्रॉटलला वरच्या आरपीएमवर दाब मोजा. दाबच नसेल तर सोडवायचं काय? आणि डायनो (मशीनवर ताकद मोजण्याची चाचणी) करायचा असेल तर बदलाआधी आणि नंतर, त्याच मशीनवर, त्याच गिअरमध्ये.

इथे दोन उलट समज कायम भेटतात. एक म्हणतो इंजिनाला बॅकप्रेशर लागतंच, दुसरा म्हणतो पाइप जितका रुंद तितका चांगला. दोन्ही चुकीचे. इंजिनाला दाब नको असतो, गॅसचा वेग हवा असतो. एका सिलिंडरमधून वेगाने निघालेला गॅस मागे कमी दाब सोडतो, शिवाय पाइप जिथे एकत्र येतात तिथून कमी दाबाची लाट परत येते. दोन्ही व्हॉल्व थोडा वेळ एकत्र उघडे असताना ती लाट पोहोचली, तर उरलासुरला धूर ओढला जातो आणि ताजी हवा आत येते. अडीच इंचांऐवजी तीन इंचांचा पाइप घेतला की छेदाचं क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं. इंजिन तेवढा गॅस सोडत नसेल तर वेग मंदावतो आणि रोजच्या वापरातला, खालच्या आरपीएमचा टॉर्क गेल्यासारखा वाटतो.

एम१५६ मध्ये खरा फायदा दडलाय तो लांब नळ्यांच्या हेडर्समध्ये (मूळ मॅनिफोल्डऐवजी थेट इंजिनाला जोडायच्या एक्झॉस्टच्या नळ्या) आणि त्यांना साजेशा ट्यूनमध्ये (इंजिनाच्या संगणकाच्या नव्या सेटिंगमध्ये). ९० अंशांच्या अंतराने पेटणारे ४-२ आणि ७-८ हे शेजारी आखूड मॅनिफोल्डमध्ये एकमेकांच्या वाटेत येतात, लांब नळ्यांनी त्यांना वेगळं ठेवता येतं. एका मित्राच्या गाडीत मी हा फरक अनुभवलाय आणि ४,००० च्या पुढे तो स्पष्ट कळतो. पण मी स्वतः ते केलं नाही. इंजिनाच्या बाजूंना जागा अगदी तुटपुंजी, काम दिवसभराहून जास्त, आणि बहुतेक हेडर्समध्ये कॅट काढावे किंवा हलवावे लागतात.

कॅटच्या बाबतीत मी हट्टी आहे. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियमचा थर दिलेली ती जाळी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांवर काम करते. ती काढणं बहुतेक देशांत बेकायदेशीर आहे, आणि नसतं तरी आपल्या हौसेसाठी मागच्या माणसाने विष का हुंगावं? शिवाय कॅटमागचे सेन्सर लगेच तक्रार करतात, पी०४२० आणि पी०४३० हे कॅट नीट काम करत नसल्याचे कोड येतात आणि चेक इंजिनचा दिवा लागतो. सेन्सर पाइपापासून दूर नेणारे स्पेसर लावून तो दिवा विझवायची युक्ती तुम्हाला सांगितली जाईल. ती ऐकू नका, कारण मग खरा बिघाड झाला तरी कळणार नाही. आणि आवाजाचं म्हणाल तर कॅटशिवाय तो सुधारत नाही, पत्र्यासारखा खरखरीत होतो, कपड्यांना पेट्रोलचा वास राहतो तो वेगळा.

पॉप्स आणि फटाक्यांचं ट्यूनही याच कारणासाठी टाळा. थ्रॉटल सोडल्यावर मुद्दाम इंधन आणि उशिराची ठिणगी देऊन स्फोट एक्झॉस्टमध्ये घडवले जातात, आणि त्या उष्णतेचा मार कॅट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व खातात.

साहित्याचं थोडक्यात: ३०४ ग्रेडचं स्टेनलेस पुरेसं आहे. मूळ पाइप बऱ्याचदा ४०९ चे असतात आणि त्यांवर वरवरचा गंज दिसतो, त्याने घाबरू नका. टायटॅनियम स्टीलच्या जवळपास निम्म्या वजनाचं, पण त्याचा आवाज मला या इंजिनाला पातळ वाटतो. ३०४ तापल्यावर ४०९ पेक्षा बरंच जास्त पसरतं: दीड मीटरचा पाइप ४०० अंशांनी तापला की साधारण १० मिलिमीटर लांब होतो. थंड गाडीवर टिप बंपरला चिकटून बसवली तर गरम झाल्यावर ती प्लास्टिक वितळवणार. हँगरच्या रबरांत आणि जोडांत तेवढी मोकळीक ठेवायला सांगा. वाक मँड्रेलवर (पाइप चेपू नये म्हणून आत घातलेल्या दांड्यावर) घेतलेले हवेत, चेपलेले नकोत. टिग वेल्ड करताना पाइपाच्या आतून आर्गॉन वायू सोडतात का, हे विचारा. या एका प्रश्नावरून काम करणारा माणूस कळतो.

गळती सर्वांत फसवी. पहिल्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी केसाएवढी फट असली तरी ठोक्यांच्या मधल्या कमी दाबात ती बाहेरची हवा आत ओढते. सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ झालं, ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंधन वाढवतो, आणि तुम्ही महिनाभर 'ट्यून बिघडलं' म्हणत फिरता. काम झाल्यावर फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधनात किती कमी-जास्त करतोय तो आकडा) वाचा. जोडांभोवती काजळीचे डाग दिसतात का तेही बघा.

हे सगळं करण्याआधी एक काम. एम१५६ च्या सुरुवातीच्या इंजिनांचे हेड बोल्ट (सिलिंडर हेड घट्ट धरणारे) कमजोर होते आणि पुढे ते बदलले गेले. तुमच्या इंजिनात कुठले आहेत ते इंजिन नंबरवरून तपासून घ्या. जुने असतील तर एक्झॉस्टचं बजेट आधी तिकडे वळवा. नसतील तर फक्त मागचे मफलर बदला, रेझोनेटर आणि कॅट तसेच ठेवा, आणि दोन-तीनशे किलोमीटर चालवून क्लॅम्प पुन्हा घट्ट करा. पहिल्यांदा तापताना नव्या पाइपावरचं तेल जळून थोडा धूर येईल, त्याची काळजी नको. एक्स की एच हा निर्णय महिनाभराने घ्या, तोवर कानाला नवा आवाज सवयीचा झालेला असेल.

आणि मफलर लावल्यावर कुठे घुमलंच, तर फोनवर स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप घेऊन शेजारच्या सीटवरून कोणाला तरी मोजायला सांगा, गाडी चालवताना तुम्ही नको. आरपीएम आणि हर्ट्झचा आकडा इथे लिहा, जे-पाइप बसेल का आणि किती लांबीचा, ते मी काढून देतो.