आरक्षणातली जमीन: टीडीआर घ्यावा की रोख मोबदला?

प्रश्न: कांदिवलीत आम्हा तीन भावंडांच्या नावावर वडिलोपार्जित ४०० चौरस मीटर रिकामी जागा आहे. २०१८च्या विकास आराखड्यात ती पहिल्यांदाच आणि पूर्णच्या पूर्ण रस्त्याच्या आरक्षणात गेली. तिथला रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारी दरपत्रकातला दर चौरस मीटरला ६०,००० रुपये धरा. पालिकेतून ‘टीडीआर घ्या’, म्हणजे जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क घ्या, असं सुचवतात. एक बिल्डर तो रेकनरच्या ४५ टक्के भावानं घ्यायला तयार आहे. धाकटा भाऊ म्हणतो, टीडीआर पाच वर्षं ठेवून देऊ, भाव वाढेल. मी ६१ वर्षांची, निवृत्त. पेन्शन आहे, कर्ज नाही.

उत्तर: तुमच्या भावाला बहुधा ‘दुप्पट’ या शब्दाची भुरळ पडली आहे. उपनगरात आरक्षित जमीन पालिकेला दिली की तिच्या दुप्पट टीडीआर मिळतो. तुम्हाला ८०० चौरस मीटरचं विकास हक्क प्रमाणपत्र, म्हणजे डीआरसी मिळेल. जमीन एकीकडे आणि तिच्यावर बांधायचा हक्क दुसरीकडे, असा हा व्यवहार मुंबईत १९९१च्या नियमावलीपासून चालू आहे. पण २०१३च्या भूसंपादन कायद्यानं जमीन घेतली, तर शहरात रोख मोबदलाही बाजारभावावर १०० टक्के सोलेशियम, म्हणजे सक्तीनं जमीन घेतल्याबद्दलची जादा भरपाई, धरून दुप्पटच होतो. मग दोन दुपटींची तुलना करू.

रोख: ४०० × ६०,००० = २.४० कोटी, सोलेशियमसह किमान ४.८० कोटी. टीडीआर: ८०० × २७,००० (६०,०००चे ४५ टक्के) = २.१६ कोटी. माणशी १.६० कोटी विरुद्ध ७२ लाख.

बिल्डर ४५ टक्केच का देतो, तर त्याला लुबाडायचंय म्हणून नव्हे. २०१६पासून टीडीआरला इंडेक्सेशन लागतं, म्हणजे तो जिथून आला आणि जिथे वापरायचा त्या दोन जागांच्या दरांच्या प्रमाणात कमी-जास्त होतो. तुमच्याकडचा दर ६०,००० आणि तो टीडीआर समजा १,२०,००० दराच्या पार्ल्यातल्या प्लॉटवर चढवला, तर ८०० मीटरचे ४०० होतात. शिवाय प्लॉटसमोरचा रस्ता किती रुंद, यावर किती टीडीआर वापरता येईल ते ठरतं. त्याच्या हाती प्रत्यक्ष किती बांधकाम येणार, त्यावर तो भाव सांगतो.

ठेवून द्यायचा विचार तर सोडाच. डीआरसीवर व्याज नाही, भाडं नाही. शेअरसारखा रोजचा उघड बाजार नाही, सौदे दलालांमार्फत होतात. आणि भाव सरकारी निर्णयांवर हलतो. झोपडपट्टी पुनर्वसनातून टीडीआर येतच असतो. त्यात धारावी प्रकल्पाच्या टीडीआरला इंडेक्सेशनमधून सूट दिली आहे आणि बिल्डरांनी लागणाऱ्या टीडीआरपैकी पहिला ४० टक्के तिथूनच घ्यावा, असा नियम केला आहे. तुमच्यासारख्या छोट्या मालकाचा टीडीआर त्या रांगेत मागे उभा राहतो. जानेवारी २०२१मध्ये बांधकाम प्रीमियमवर, म्हणजे जादा बांधकामासाठी भरायच्या शुल्कावर, वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सवलत मिळाली, तसं पुन्हा झालं तर प्रीमियम भरून मिळणारं एफएसआयही (प्लॉटच्या प्रमाणात अनुज्ञेय बांधकाम) टीडीआरशी भावात टक्कर देईल. वयाच्या ६१व्या वर्षी एवढी जोखीम एकाच कागदावर? मी तरी नाही म्हणेन.

आता रोख मोबदल्याची अडचण. पालिकेला पैसे मोजायचे नसतात, टीडीआर द्यायला तिजोरीतून काही जात नाही. म्हणून तर तो सुचवला जातो. रोख मागितलीत तर फाइल पडून राहील. पण किती काळ? आज २.१६ कोटी घेऊन ८ टक्क्यांनी गुंतवले, तर ४.८० कोटी व्हायला दहा वर्षांहून अधिक लागतील. तुमच्या वाट पाहण्याला मात्र कायद्यानं मर्यादा आहे. नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक खरेदी नोटीस देऊ शकतो. पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. तुमची दहा वर्षं २०२८मध्ये भरतात. म्हणजे सुमारे २०३०पर्यंत एक तर संपादन सुरू होईल, नाहीतर जागा मोकळी होईल, आणि कांदिवलीतला ४०० मीटरचा मोकळा प्लॉट काही वाईट नाही. संपादन सुरू झाल्यावरही निवाडा आणि पैसे हाती यायला वेळ जाईल. तरी दहा वर्षांचा हिशेब सहसा रोखीच्याच बाजूनं राहतो.

करातही फरक आहे. २०१३च्या कायद्याखालच्या सक्तीच्या संपादनाचा मोबदला कलम ९६ नुसार आयकरमुक्त आहे. टीडीआर विकून आलेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा प्रश्न उभा राहतो. पालिकेनं वाटाघाटीनं रक्कम देऊ केली, तर ती कलम ९६मध्ये बसते का, हे सही करण्याआधी सीएकडून लेखी घ्या.

माझं मत बदललं असतं अशा दोन परिस्थिती आहेत. निम्मीच जागा रस्त्यात गेली असती आणि उरलेली तुम्ही बांधणार असता, तर तेवढं एफएसआय त्याच प्लॉटवर वापरायला सांगितलं असतं. तिथे इंडेक्सेशनची कात्री नाही. किंवा तिघांपैकी कुणाला पैशांची खरी निकड असती, तर डीआरसी मिळताच विकणं ठीक, ठेवणं नाही. भावाचं तसं काही असेल तर आधी ते विचारा.

तूर्त बिल्डरकडून टोकन घेऊ नका. प्रॉपर्टी कार्डावर तिघांची नावं चढली आहेत का, ते बघा. जागेला कुंपण घाला, कारण अतिक्रमण झालं तर यातला एकही पर्याय धड उरत नाही. आणि २०२८च्या नोटिसीसाठी नगररचनेची कामं करणारा वकील आत्ताच गाठा.