गुलाब दुसऱ्याच दिवशी मान टाकतात, अजून काय टाकू पाण्यात?

प्रश्न: ताई, गुलाबांचा गुच्छ घरी आणला की दुसऱ्या दिवशी सकाळी निम्मी फुलं मान टाकून बसलेली असतात. पाकळ्या ताज्या, कळी धड उमललेली पण नाही, फक्त फुलाच्या लगेच खालचा देठ वाकतो. पाणी तर काठोकाठ भरलेलं असतं. साखर घालून झाली, ॲस्पिरिनची गोळी झाली, तांब्याचं नाणं पण टाकून झालं, आता काय टाकू?

उत्तर: आता काही टाकू नका, आधी फुलदाणी घासा. आतून बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं ना की समजायचं गडबड तिथेच आहे. देठात पाणी वर ओढणाऱ्या बारीक बारीक नळ्या असतात. देठ कापला की त्यांच्यात हवा शिरते आणि पाण्याची वाट अडते, त्यात पाण्यात बुडालेली पानं कुजतात, बॅक्टेरिया वाढतात आणि त्यांचा चिकट थर नळ्यांच्या तोंडावरच जाऊन बसतो. मग फुलदाणी भरलेली असली तरी फुल तहानलेलंच, आणि गुलाबाचा मानेचा भाग सगळ्यात कोवळा म्हणून तो पहिला वाकतो.

साखरेने फुलाला खाणं मिळतं हे खरंय, पण बॅक्टेरियांना पण मिळतं, त्यामुळे नुसती साखर घातली तर फायद्यापेक्षा तोटाच जास्त. नाण्यातलं तांबं पाण्यात फारसं विरघळतच नाही, आणि ॲस्पिरिनचा भरवसा नाही, ती डोकेदुखीसाठीच ठेवा.

काहीतरी घालायचंच असेल तर एक लिटर कोमट पाण्यात एक चमचा साखर, दोन चमचे लिंबाचा रस आणि एक चमचा साधं घरगुती ब्लीच (चमचा चहाचा बरं का). साखर खायला, लिंबाच्या आंबटपणामुळे पाणी देठात सहज चढतं, ब्लीच बॅक्टेरियांसाठी. पण ब्लीच आधी पूर्ण लिटरभर पाण्यात मिसळायचं आणि मग लिंबू, दोन्ही तसंच्या तसं एकत्र कधीच ओतायचं नाही, विषारी वायू तयार होतो. गुच्छाबरोबर फुलांच्या खाऊची पुडी मिळाली असेल तर हा सगळा उद्योग करायची गरजच नाही, त्यात हेच सगळं मोजून घातलेलं असतं, फक्त पुडीवर लिहिलंय तेवढंच पाणी घ्या, अंदाजे नको.

आणि फुलं घरी आणल्या आणल्या देठ खालून दोन-तीन सेंटीमीटर कापा, धारदार सुरीने, बोथट कात्रीने नळ्या चेपतात. तिरका काप द्यायचा म्हणजे देठ तळाला सपाट टेकून बंद होत नाही, बाकी त्यात फार मोठी जादू नाही. पाण्याच्या वरच्या रेषेखाली एकही पान ठेवायचं नाही. दर दोन दिवसांनी पाणी बदला आणि तेव्हा परत थोडा देठ कापा. नुसतं वरून पाणी वाढवत राहिलात तर घाण आहे तिथेच राहते.

आधीच मान टाकलेल्या गुलाबांचं काय? देठ पाण्याखाली धरून कापा, फुलं कागदात सरळ उभी गुंडाळा म्हणजे मान ताठ राहील, आणि खोल कोमट पाण्यात दोन-तीन तास ठेवा. बरीचशी सावरतात. सावरली नाहीत तर सोडून द्या, ती दुकानातच शिळी झालेली असणार.

प्रश्न: जरबेऱ्याचं पण असंच करायचं का? माझे देठ खालून सडतात.

उत्तर: नाही, जरबेऱ्याला पाणी कमी, पाच-सात सेंटीमीटर पुरे. त्याचा देठ मऊ आणि लवदार असतो, जेवढा जास्त बुडेल तेवढा जास्त सडतो. पाणी कमी असलं की लवकर संपतं, त्यामुळे रोज नजर टाका.

प्रश्न: डायनिंग टेबलावर कार्नेशन ठेवली होती, शेजारी केळी आणि सफरचंदांची टोपली. पाणी स्वच्छ होतं तरी पाकळ्या आत मिटून गेल्या. आणि रात्री फ्रिजमध्ये ठेवली तर चालतील का?

उत्तर: टोपलीमुळेच झालं ते! पिकणाऱ्या फळांमधून इथिलीन नावाचा वायू सुटतो, फळ पिकवतो तोच, आणि कार्नेशन त्याला फारच नाजूक असतं. फळं लांब ठेवा, सुकलेली फुलं पण गुच्छातून लगेच काढून टाका कारण तीही इथिलीन सोडतात. फ्रिज चालेल, थंडीत फुलांचं वय सावकाश वाढतं, पण त्याच फ्रिजमध्ये फळं असतील तर केलेलं सगळं पाण्यात. अँथुरियम आणि बहुतेक ऑर्किड मात्र बाहेरच बरी, उष्ण प्रदेशातली असल्यामुळे गारठ्याने काळी पडतात.

प्रश्न: डॅफोडिल इतर फुलांबरोबर ठेवली की बाकीची लवकर का जातात?

उत्तर: कापलेल्या देठातून चिकट रस गळतो, तो बाकीच्यांना बाधतो. काही तास वेगळ्या पाण्यात ठेवा, मग एकत्र करा, पण एकत्र करताना परत कापू नका, नाहीतर रस पुन्हा सुरू.

प्रश्न: लिलीचे पिवळे-तपकिरी डाग टेबलक्लॉथवर पडले, धुऊनही जात नाहीत.

उत्तर: ते परागकण. कळी उमलली की आतले परागकोश लगेच चिमटीने खुडून टाका, पिकून भुकटी सुटायच्या आत. कपड्यावर पडलेच तर पाणी लावायचं नाही आणि चोळायचं तर अजिबातच नाही, चिकटपट्टी हलकेच लावून उचलून घ्यायचे. आणि घरात मांजर असेल तर लिली आणूच नका, पानं, पराग, अगदी फुलदाणीतलं पाणी पोटात गेलं तरी तिच्या किडन्या निकामी होऊ शकतात.