वडिलांचं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी रक्ततपासणी) २.४ आलंय. मासे पूर्ण बंद करायचे का? नाहीतर कोणते चालतील?

डॉक्टरांनी स्वतः बंद करायला सांगितलं नसेल तर बंद करू नका. मालवणी माणसाच्या पानातून मासा काढला की तो भातही सोडतो. आमच्या बाबांनी सोडला होता.

आमची चूक सांगते. रिपोर्ट आल्यावर आईने पापलेट, सुरमई सगळं थांबवलं. जून-जुलैत मासेमारी बंदच असते, तेव्हा पेजेसोबत जवळ्याची चटणी आणि भाजलेला खारा बांगडा मात्र चालू. "तो काय मासा? तोंडीलावणं!" बाबांचे पाय सुजले, बीपी चढलं. आहारतज्ज्ञ बाईंनी आठवडाभराचं खाणं लिहून आणायला लावलं, तेव्हा चोर सापडला. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवायचं, आणि खाऱ्या माशाचा एक तुकडा त्यातला मोठा वाटा घेतो. भिजवून मीठ कमी होतं, पण सगळं जात नाही. शिवाय सोडे, सुकट, सुके बोंबील यांतलं पाणी उडालेलं, त्यामुळे प्रथिनं आणि फॉस्फरस (बिघडलेल्या किडनीला तो नीट बाहेर टाकता येत नाही) दाट होऊन बसतात.

गंमत बघा, तोच बोंबील ओला असला की जवळपास ९० टक्के पाणीच! १०० ग्रॅममध्ये प्रथिनं जेमतेम ८-९ ग्रॅम, पापलेट-सुरमईत १८-२०. डायलिसिस नसेल तर बहुधा वजनाच्या किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिनं सांगतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ४८. सुरमईच्या एका जाड तुकडीत त्यातली २० संपली. म्हणून आमच्याकडे मासा असेल त्या दिवशी डाळ नाही, आणि तुकडी एकच. (डायलिसिस सुरू झालं की हिशेब उलटा होतो, प्रथिनं वाढवायला सांगतात. वडील कुठल्या टप्प्यावर आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, ते आधी विचारून घ्या.)

बाबांना आम्ही मुडदुशी, ओले बोंबील, कधी पापलेट देतो. मांदेली, पेडवे नाहीत, कारण ते काट्यासकट चावले जातात आणि काट्यात फॉस्फरस जास्त असतो. तिसऱ्या, कुर्ल्या सणापुरत्या, चवीपुरत्या.

सोललेली फ्रोजन कोळंबी घेत असाल तर पाकीट उलटून वाचा. पाणी धरून राहावं म्हणून तिला कधीकधी फॉस्फेट लावतात. घटकांत आयएनएस ४५१ किंवा ४५२ (हे फॉस्फेटचे क्रमांक) दिसलं की ठेवून द्या. माशातल्या मूळच्या फॉस्फरसपेक्षा हा कितीतरी जास्त अंगात शोषला जातो. कोळणीकडची ताजी कोळंबी महाग पडते, पण निदान ती नुसती कोळंबी असते.

आंबटाचं सहसा कुणी सांगत नाही. बाटलीतल्या कोकमाच्या आगळात बहुतेक वेळा भरपूर मीठ असतं. बिंबलं (बिलिंबीची आंबट फळं) घालून कालवण करत असाल तर ती पूर्ण बंद करा. त्यांत ऑक्झलेट खच्चून असतं, ते किडनीत स्फटिक होऊन साचतं. केरळात बिंबलांचा रस प्यायल्याने माणसांच्या किडन्या बिघडल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. कमरख, म्हणजे स्टारफ्रूट, तर किडनीच्या रुग्णाच्या थेट मेंदूवर जातं.

कालवण अळणी लागलं की बाबा अजून कुरकुरतात. मग वरून लिंबू पिळते. लो-सोडियम मीठ आणून ही कुरकूर मिटवायला जाऊ नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि तेही बिघडलेल्या किडनीला नीट बाहेर टाकता येत नाही.