धोंड लवकर लोटू नका

भस्म बुधवार उलटून ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ सुरू झाला, की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला. "मुलाला येशूच्या मरणाचं सगळं सांगायचं का? खिळे, काटे, कबर... घाबरेल हो." वसईत समुपदेशन करू लागल्याला बरीच वर्षं झाली, पण या प्रश्नाविना गेलेला प्रायश्चित्तकाळ मला आठवत नाही. पुष्कळ जण उपाय करूनच आलेले असतात: रंगवलेली अंडी, कापसाचा ससा, चॉकलेट. अंड्यांशी माझं भांडण नाही. कांद्याच्या सालींसोबत उकडून तांबूस झालेलं अंडं मीही मुलांच्या हातात देते आणि विचारते, "बाहेरून दगडासारखं गप्प आहे, पण आतून काय येतं?" अंडं आणि ससा शुक्रवारच्या, म्हणजे येशूच्या मरणाच्या दिवसाच्या, जागी येऊन बसतात, तेव्हा मात्र मी सावध होते.

2025 साली ईस्टर, म्हणजे येशू मरणातून उठल्याचा रविवार, उशिरा, 20 एप्रिलला होता. मार्च संपता संपता एक आई आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा सात वर्षांचा, घरी त्याला बाबू म्हणतात. जानेवारीत त्याचे आजोबा वारले होते. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांनी पुठ्ठ्याची येशूची कबर केली, तिच्या तोंडाला थर्माकोलची धोंड लावली आणि वर्ग सुटायच्या आत ती सरकवून "येशू उठला" म्हणत टाळ्याही वाजवल्या. घरी येऊन बाबूने विचारलं, "आजोबांची धोंड कोण काढणार?" आईला काही सुचेना. "असं बोलू नये," एवढंच ती म्हणाली. बाबूने ती कबर पायाखाली चिरडली आणि त्या रात्रीपासून तो दिवा मालवू देईना.

"ताई, त्याला वर्गाला पाठवलं ही माझी चूक झाली का?"

"घरात आजोबांविषयी काय बोलता?"

"काहीच नाही. सासूबाईंना सोसवत नाही. बाबूला सांगितलंय, आजोबा झोपलेत, देवाजवळ."

मरण म्हणजे झोप, असं ज्याला सांगितलंय ते मूल अंधारात डोळे मिटेल कसं? पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना मेलेलं माणूस परत येईलसं वाटत असतं. सातव्या वर्षाच्या आसपास ती समजूत सुटू लागते. बाबू नेमका त्या उंबरठ्यावर होता, आणि वर्गात त्याला पाच मिनिटांत उघडणारी कबर मिळाली होती.

माझी सगळी घडण खेळाला मानणाऱ्या विचारात झाली आहे. मूल तोंडाने सांगू शकत नाही ते हाताने सांगतं, हा माझा पक्का विश्वास. 1954 साली रोममध्ये सोफिया कावालेत्ती आणि जिआन्ना गोब्बी यांनी मुलाला स्वतः हाताळून शिकू देणाऱ्या माँटेसरी पद्धतीच्या आधाराने मुलांचं श्रद्धाशिक्षण सुरू केलं. छोट्या मूर्ती, छोटी वेदी मुलांच्या हाती द्यायची आणि मोठ्यांनी कमी बोलायचं. हे कमी बोलणंच मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं, आणि पालकांना तेच सर्वांत जड जातं.

झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी मायलेकांना बोलावलं. सामान साधंच होतं: जुनी परात, माती, कुंभाराकडचं बोळकं, समुद्रावरचा चपटा दगड, रात्रभर भिजवलेले मूठभर गहू. बोळकं आडवं करून मातीत अर्धं पुरलं की झाली कबर, दगड ही धोंड. गहू भोवती पेरायचे आणि रोज पाणी शिंपडायचं. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, हे बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातल्या बाराव्या अध्यायातलं येशूचं बोलणं मी फक्त वाचून दाखवलं. समजावलं नाही.

बाबूने बोळक्यात हात घातला आणि तो तिथेच राहिला.

"आत अंधार आहे."

मी गप्प.

"आत टॉर्च ठेवू?"

आई म्हणणार होती, "येशूला टॉर्च कशाला रे?" मी तिच्या हातावर हात ठेवला. बाबू दगडाकडे बघत म्हणाला, "आजोबांना नव्हती दिली."

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आई, अगदी हळू: "माती टाकताना मलाही तेच वाटलं, बाबू. आत किती अंधार असेल."

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. "तुला पण?"

एवढंच. या दोन शब्दांसाठी मी महिनोन् महिने थांबायला तयार असते. तीन महिने ते मूल आजोबांसाठी एकटंच भीत होतं. आता भिणारी दोघं झाली, आणि वाटून घेतलेली भीती मुलाला उचलता येते. मी माझ्याशीही एक कबुली दिली. इतकी वर्षं या प्रश्नाला मी रविवार समजावून उत्तर देत आले होते. या मुलाला हवा होता शनिवार.

शुक्रवार आणि ईस्टर यांच्यामधल्या पवित्र शनिवारी चर्चमध्ये दिवसा मिस्सा, म्हणजे वेदीवरची सामुदायिक उपासना, नसते. वेदी उघडी, घंटा गप्प. रात्रीच्या जागरणात नवा अग्नी पेटेपर्यंत ख्रिस्तसभा कबरेपाशी नुसती थांबते. एवढा शहाणा दिवस आपल्याकडे असताना घरातल्या हस्तकलेत आपण शुक्रवारी क्रूस चिकटवतो आणि पुढच्या पानावर फुलपाखरू काढतो. बाबूच्या घरीही अंत्यविधी झाला आणि दुसऱ्या दिवसापासून "आता रडायचं नाही" सुरू झालं.

म्हणून आता प्रत्येक पालकाला माझं सांगणं असतं, की शुक्रवारी दुपारी पांढऱ्या मलमलीत गुंडाळलेली येशूची बाहुली मुलाला स्वतः बोळक्यात ठेवू द्या, दगडही त्यालाच लावू द्या. मग रविवार उजाडेपर्यंत कुणीही हात लावायचा नाही. शनिवारी करायला काम आहेच. शुभवर्तमानात मार्क सांगतो, शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, सरल्यावर तीन स्त्रियांनी येशूच्या शरीराला लावायला सुगंधी द्रव्यं विकत घेतली. लवंग-दालचिनीची पुरचुंडी बांधा, चिंध्यांच्या तीन बाया करा: मग्दालिया मरिया, याकोबाची आई मरिया, सलोमी. साध्या मेणबत्तीवर क्रूस आणि चालू सालाचे आकडे कोरून पाच जखमांसाठी पाच लवंगा टोचा. रात्री चर्चमध्ये पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती पाहताना मूल ती चटकन ओळखतं. शनिवारी कुणी गेलेल्या माणसाचं नाव काढलं तर विषय बदलू नका.

आणि धोंडीचा प्रश्न आलाच, तर खरं तेच सांगा. बाबूच्या आईने सांगितलं ते असं: "आजोबा झोपले नाहीत, वारले. मेलेल्या शरीराला अंधार कळत नाही, थंडी वाजत नाही. येशू तिसऱ्या दिवशी उठला. आजोबांचा तो दिवस अजून यायचाय, आणि तो येईल असं आपण दर रविवारी मिस्सेत म्हणतो. तोवर आठवण येणार, रडू येणार. आपल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी येशूसुद्धा रडला, त्याला उठवणार हे ठाऊक असूनही."

बाबूने मंगळवारी माती उकरून गहू मेलेत का ते पाहिलं. पाहू द्या. शुक्रवारी कोंब वर आले होते. शनिवारी दुपारी आईचा फोन आला.

"ताई, तो नुसता परातीपाशी बसून आहे. मला बघवत नाही. उघडून टाकू का?"

"नको. आजी कुठे आहेत?"

"आत. पडून आहेत."

"त्यांना फक्त विचारा, बाया करायला चिंधी आहे का."

आजींनी जुन्या लुगड्याची चिंधी काढली आणि स्वतःच येऊन बसल्या. तीन बाया झाल्यावर बाबूने चौथी मागितली. "ही कोण?" आजींनी विचारलं. "तू." मग त्या रडल्या, जानेवारीनंतर पहिल्यांदा घरातल्यांच्या देखत, आणि पुरचुंडी बांधता बांधता आजोबा पहाटे वाडीला पाणी लावायला कसे जात ते सांगत बसल्या.

रविवारी थोडा घोळ झाला. जागरणाहून उशिरा आलेला बाबू उठलाच नाही. आजींना मात्र पहाटे जाग आली, त्यांनी दिवा न लावता जाऊन धोंड लोटली आणि बाहुली काढून घेतली. बाबू उठला तो भोकाडच पसरून. "माझ्याशिवाय का उघडलीस?" आजींनी बाहुली पुन्हा आत ठेवली, दगड लावला, दारं-खिडक्या मिटून घेतल्या, आणि ती दोघं चार चिंध्यांच्या बाया हातात धरून स्वयंपाकघरापासून परातीपर्यंत पुन्हा चालत आली. संध्याकाळी गव्हाची बोटभर हिरवी रोपं त्यांनी आजोबांच्या कबरेवर नेऊन लावली. टॉर्च बाबूने घरी ठेवली.